केराचे मोल आणि मुंबईचा कर

मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात सर्वसाधारण कर व जलकर यांच्या जोडीला ‘हलालखोर कर’ अशी एक स्वतंत्र बाब होती, आणि मैला वाहून नेण्याच्या त्या सेवेचा आकार मिळकतीच्या करयोग्य मूल्यावर, म्हणजे तिच्या संभाव्य भाड्यावर, शेकडेवारीने ठरत असे. सारी आकारणी मिळकतीवर बेतलेली असल्यामुळे गिरगावातील वा लालबाग-परळच्या चाळीतील बिऱ्हाडकरूने टोपलीभर केर टाकला काय अन् मूठभर टाकला काय, घरमालकाच्या नावे निघणाऱ्या बिलात दमडीचाही फरक पडत नसे. तो केर पुढे शहराबाहेर, १९२७ पासून देवनारच्या क्षेपणभूमीवर, जाऊन पडे.

तथापि टाकाऊ वस्तूला मोल लावणारी व्यवस्था सरकारी दप्तराबाहेर, चाळीच्या सज्जातच, नांदत होती : रद्दीवाला कागद तराजूत तोलून रोख पैसे मोजी, भंगारवाला पत्रे-बाटल्या नेई, आणि बोहारीण जुन्या लुगड्यांच्या बदल्यात, यथेच्छ घासाघीस होऊन, एखादे भांडे देई.

असेच मोजमाप सरकारी आकारणीत आणत दक्षिण कोरियाने १९९५ साली कचऱ्यासाठी विकतच्या पिशव्या सक्तीच्या करून आकारमानानुसार शुल्क लागू केले. मुंबईच्या २०२५ च्या मसुदा उपविधींत मात्र घरांसाठी दरमहा १०० ते १००० रुपयांचे जे शुल्क सुचविले गेले, ते पुन्हा घराच्या क्षेत्रफळावरच बेतलेले होते. केर कमी करणाऱ्या गृहस्थाच्या पदरात काही पडत नाही, तोवर अशा शुल्काने तिजोरी भरेल. कचरा घटणार नाही.