दिरंगाई आणि विलंब

आळस हा माणसाचा दोष खरा. परंतु तो राज्यकारभारात शिरला की त्याचे नाव पालटते. मराठीतील या नामांतराचा इतिहास उद्बोधक आहे.

व्यक्तीच्या निष्क्रियतेसाठी मराठीजवळ घरचे शब्द पुष्कळ आहेत. ‘आळस’ संस्कृतातून आला. ‘टाळाटाळ’, ‘चालढकल’ हे लोकव्यवहारात घडले. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात ‘करंटलक्षण’ या स्वतंत्र समासात आळसाची गणना केली आहे. तेथे आळशी मनुष्य मुख्यतः स्वतःचेच नुकसान करून घेतो.

कारभारातील शैथिल्याची भाषा मात्र बव्हंशी फारसी दप्तराबरोबर आली. ‘दिरंगाई’च्या मुळाशी असलेला ‘दिरंग’, म्हणजे उशीर, हा फारसी शब्द होय; ‘गफलत’ आणि ‘कसूर’ हे मूळचे अरबी शब्दही फारसीच्याच वाटेने आले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी हे शब्द लोकांच्या तोंडून गेले नाहीत.

शब्द कोणतेही असोत, दोष कोणाचा हे सांगण्यात शिवकालीन पत्रव्यवहार कचरत नसे. १६७० च्या दशकात जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी राजपुरीच्या समुद्रात पद्मदुर्ग उभा राहत होता. आरमारासाठी नेमून दिलेला पैसा व धान्य वेळेवर पोहोचले नाही, तेव्हा महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास कडक पत्र लिहिले. रसद अडवून हबशांचे हित साधले जात आहे, असा संशय त्यांनी उघड बोलून दाखविला आणि ब्राह्मण म्हणून मुलाहिजा होणार नाही, असेही बजावले. राज्यकर्त्याच्या दृष्टीने कामातील सुस्ती आणि शत्रूची चाकरी यांत फारसे अंतर उरले नव्हते.

आता अर्वाचीन काळाकडे वळू. महाराष्ट्राने बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्यांतील विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम केला. कोणतीही नस्ती सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ एका कर्मचाऱ्याकडे प्रलंबित राहू नये, असा त्यात दंडक आहे. अधिनियमाच्या नावात ‘विलंब’ आहे. लोक मात्र त्याला ‘दप्तरदिरंगाईचा कायदा’ म्हणतात.

हा भेद केवळ शैलीचा नव्हे. विलंब ‘होतो’, दिरंगाई कोणीतरी ‘करतो’. ‘विचाराधीन’ आणि ‘प्रलंबित’ या शब्दांतही कर्ता दिसत नाही. जणू कागद आपण होऊनच टेबलावर पडून राहिला! शुद्ध, सोज्ज्वळ परिभाषा अवश्य असावी. परंतु तिच्या आडोशाला कर्तव्यच्युत मनुष्य लपता कामा नये. लोकांनी फारसी दिरंगाई जपून ठेवली, ती संस्कृताच्या द्वेषाने नव्हे. दोषाला धनी असतो, हे त्या शब्दात अजून ऐकू येते म्हणून.