अखरोट
१. अखरोट : बडोद्यास मांडवीच्या बाजारात गुजराती वाण्याच्या तोंडी असलेले हे रूप लेखकाच्या मराठीत सहज उतरले असल्याने ते तसेच कायम ठेवले आहे. ‘अखरोट’ व आपला ‘अक्रोड’ ही दोन्ही रूपे चरकसंहितेतील ‘अक्षोट’ या शब्दाशी निगडित असून, लॅटिन ‘नुक्स’, आयरिश ‘क्नो’ व इंग्रजी ‘नट’ हे कवचफळवाचक, परस्परांशी सगोत्र शब्द मात्र भारत-युरोपीय कुळाच्या पश्चिमेकडील शाखांपुरतेच राहिलेले दिसतात. सबब संस्कृतात त्यांचे भावंड शोधण्याचा खटाटोप व्यर्थ होय. मेव्यातली इतर नावे मात्र बाहेरची : ‘बदाम’, ‘पिस्ता’ फारसीतले, खुद्द ‘मेवा’ही तिकडचाच, आणि घरचाच वाटणारा ‘काजू’ तर ब्राझीलच्या तुपी भाषेतून निघून पोर्तुगीजांबरोबर गोव्यात दाखल झालेला.