कुलपाच्या पेटंटात दडलेली चोरकिल्ली

किल्लीवाचून कुलूप उघडण्याच्या हत्यारांचा इतिहास पेटंटच्या दप्तरात शोधू जाता ती हत्यारे स्वतःच्या नावाने क्वचितच भेटतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कुलपांसाठी ‘ई०५बी’ हा वर्ग असून त्यातील १९/२० हा पोटविभाग चोरकिल्ल्यांचा आहे. परंतु त्याहून अधिक माहिती हाती लागते ती खुद्द कुलपांच्या पेटंटांत, कारण आपले कुलूप कशाला दाद देत नाही हे सांगताना संशोधकाला त्या काळच्या चोराचे कसबही वर्णावे लागते.

भारतातील दप्तर चाळणाऱ्याची पहिली अडचण शब्दाची आहे. संशोधनांना संरक्षण देणारा १८५६ चा पहिला कायदा ब्रिटिश राजसत्तेची पूर्वसंमती न घेता केल्यामुळे १८५७ मध्ये रद्द झाला, १८५९ मध्ये तो नव्याने आला आणि पुढे १८८८ च्या कायद्यातही संशोधकाला १४ वर्षांसाठी जे मिळे त्याला पेटंट न म्हणता ‘अनन्य विशेषाधिकार’ म्हणत. १९११ च्या कायद्याने पेटंट हा शब्द रुळवला. म्हणून त्याआधीच्या नोंदींत केवळ पेटंट हाच शब्द धुंडाळणारा बहुधा रित्या हाताने परततो.

या जुन्या व्यवस्थेच्या काळातच आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. वकिली सोडलेल्या आणि शस्त्रक्रियेची उपकरणे बनवण्याच्या धंद्यात अपयश पाहिलेल्या या गृहस्थांनी उभारलेला उद्योग १९२८ मध्ये धाकटे बंधू पिरोजशा यांच्या हवाली केला आणि ते शेती करण्यासाठी नाशिकला आले. शेती काही साधली नाही. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. कुलपांच्या इतिहासाशी नाशिकचा धागा जुळतो तो असा, काहीसा आडवळणाने.

त्यांची कुलपे पाहिली की समोरचा चोर कसा होता हे कळते. लीव्हर, म्हणजे किल्लीच्या दात्याने नेमक्या उंचीपर्यंत उचलली जाणारी पट्टी, जागेवर दाबून धरण्यासाठी स्प्रिंग लागे आणि स्प्रिंग तुटली की कुलूप निकामी होई. त्यावर त्यांनी बिनस्प्रिंगचे कुलूप काढले. ‘गॉर्डियन’ कुलपाला दोन किल्ल्या असत आणि त्यांतील दुसरीने आतली रचनाच बदलून पहिली निरुपयोगी करता येई. किल्ली नोकराच्या हाती पडून तिची नक्कल होण्याचे भय येथे गृहीत धरलेले दिसते. ‘डिटेक्टर’ कुलपात परकी किल्ली फिरवताच एक खटका बाहेर येई आणि खरी किल्ली फिरवल्यावरच तो पूर्ववत होई, म्हणजे फसलेल्या प्रयत्नाची साक्ष कुलूपच देई. ही कल्पना मूळची इंग्लंडातील जेरेमाया चब यांची, १८१८ ची.

पेटंटची अट मात्र अशी की संरक्षण हवे तर रचना उघड करावी, आणि कुलपासारख्या गुपितावर जगणाऱ्या वस्तूला ती जाचक वाटणे स्वाभाविक होते. तरीही जोसेफ ब्रामा यांच्या १७८४ मध्ये पेटंट झालेल्या धर्तीचे कुलूप उघडायला अमेरिकन कुलूपतज्ज्ञ आल्फ्रेड हॉब्ज यांना १८५१ मध्ये १६ दिवसांत विभागून ५१ तास खर्चावे लागले. कागदावरची रचना आणि बोटांना जाणवणारी रचना यांत एवढे अंतर असते.

हे बोटांचे ज्ञान चावीवाल्याजवळ असते. कोरी किल्ली कुलपात घालून तो ती दाबून फिरवतो, बाहेर काढून उजेडात तिरपी धरतो, पितळेवर उमटलेले बारीक ओरखडे पाहून तेवढेच कानशीने घासतो आणि पुन्हा आत घालतो. एकमेकांकडे पाहून शिकलेल्या या रीतीला विनिर्देशपत्र, म्हणजे संशोधनाचे लेखी सांगोपांग वर्णन, लागत नाही. याउलट, किल्लीवाचून कुलूप उघडणारे एखादे नवे हत्यार नाशिकहून मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे अर्जाने गेले, तर १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३ आडवे येऊ शकते. ज्याचा मुख्य उपयोग सार्वजनिक सुव्यवस्थेला किंवा नीतीला बाधक ठरेल असे संशोधन त्या कलमाने वगळलेले असल्यामुळे, हत्यार किल्ली हरवलेल्या घरमालकाच्या कामाचे आहे की घरफोड्याच्या, हा प्रश्न अर्जदाराला टाळता येत नाही.