काडतुसाचे माप : बसले म्हणजे सुरक्षित झाले, असे नव्हे

गव्हाण (ता. पनवेल) : गव्हाण फाट्यावर घटकाभर उभे राहिले, की न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरची रांग नजरेस पडते. कंटेनर कोणत्याही देशात तयार झालेला असो, तो येथील ट्रेलरवर अचूक बसतो. रुंदी आठ फूट, लांबी वीस किंवा चाळीस फूट, ही मापे साऱ्या जगाने मान्य केली आहेत. मात्र आत भरलेला माल योग्य आहे की नाही, हे बाहेरच्या मापावरून कळत नाही. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांचेही नेमके तसेच आहे. काडतूस बंदुकीत बसेल की नाही, हे तपासण्यासाठी ‘गेज’ नावाचे साधे उपकरण वापरले जाते. विशेषतः वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून तयार केलेल्या काडतुसांची परीक्षा या साधनाने होते. हे साधन काय सांगते आणि काय सांगत नाही, याची माहिती नेमबाजीची आवड असणाऱ्यांनी करून घेणे आवश्यक आहे.

काडतुसाची रचना

काडतुसाचे चार भाग असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठोक्याने पेटणारी टोपी म्हणजेच प्रायमर, आतील दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाल्यावर गोळी निघून जाते, दारू जळून जाते. पुंगळी तेवढी मागे राहते. उडताना आतील दाबामुळे ती फुगून नळीच्या मागच्या कोठीच्या भिंतींना चिकटते. ९ बाय १९ मि.मी. या काडतुसासाठी युरोपीय मानकाने मान्य केलेला कमाल दाब २,३५० बार आहे. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाशी तुलना केली, तर तो सुमारे हजार पटींनी अधिक भरतो. अशा फुगलेल्या पुंगळीला साच्यातून दाबून मूळ मापावर आणावे लागते आणि मगच ती पुन्हा भरता येते. हे काम किंचितही अपुरे राहिले, तर काडतूस कोठीत अडकते किंवा अर्धवट बसते. गेजची गरज निर्माण होते ती येथे.

.२२ बोअरच्या काडतुसात ठोक्याने पेटणारे मिश्रण पुंगळीच्या कडेत भरलेले असते. त्यामुळे ही पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. ऑलिम्पिकमधील २५ मीटर पिस्तूल स्पर्धा याच बोअरवर खेळल्या जातात. ‘सेंटर फायर’ पिस्तूल स्पर्धेत मात्र ७.६२ ते ९.६५ मि.मी. बोअरची शस्त्रे चालतात व तेथे .३२ बोअरचे लांब काडतूस लोकप्रिय आहे. जसपाल राणा यांनी १९९४ च्या हिरोशिमा आणि २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत सुवर्णपदके मिळवली ती याच प्रकारात. पनवेलमध्ये सुमा शिरूर यांच्या ‘लक्ष्य’ संस्थेमुळे रुजलेल्या एअर रायफल नेमबाजीत दारूही नसते आणि पुंगळीही नसते. त्या खेळाडूंना या तपासणीचा प्रश्न येत नाही.

गेज म्हणजे काय?

तळोजा किंवा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज परिचित आहेत. ‘गो’ बाजू सुट्या भागात गेली पाहिजे, ‘नो-गो’ बाजू जाता कामा नये. प्रत्येक भागाचे नेमके माप घेत बसण्यापेक्षा, तो मर्यादेत आहे की नाही एवढेच पाहायचे, हे त्यामागचे तत्त्व. काडतूस तपासण्याचे गेज याच कुळातले आहे. पोलादाच्या किंवा अन्य धातूच्या जाड नळकांड्यात मानकाप्रमाणे कोठीच्या आकाराचे भोक पाडलेले असते. मापांची मानके मुख्यतः दोन संस्था ठरवतात. १९१४ मध्ये स्थापन झालेली, बेल्जियममध्ये मुख्यालय असलेली ‘सीआयपी’ ही पहिली आणि १९२६ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेतील ‘सामी’ ही दुसरी.

९ मि.मी. काडतुसाची काही कमाल मापे पाहिली, म्हणजे किती बारकाईचा हा विषय आहे ते ध्यानात येईल. पुंगळीची लांबी १९.१५ मि.मी., संपूर्ण काडतुसाची लांबी २९.६९ मि.मी., पुंगळीच्या तोंडाचा बाहेरील व्यास ९.६५ मि.मी. आणि बुडाजवळचा व्यास ९.९३ मि.मी. म्हणजे तोंड आणि बूड यांच्या व्यासांत जेमतेम पाव मिलिमीटरचा फरक आहे.

तपासणी कशी होते?

काडतूस गेजमध्ये सोडल्यावर ते स्वतःच्या वजनाने आत गेले पाहिजे. अंगठ्याने दाबून बसवलेले काडतूस उत्तीर्ण मानले जात नाही. बूड गेजच्या वरच्या पृष्ठभागाशी ठरलेल्या मर्यादेत, सपाट बसले पाहिजे. गेज उलटे केले की काडतूस आपोआप बाहेर पडले पाहिजे. ते अडले, तर कारण शोधावे लागते. बुडाजवळ पुंगळी फुगीर राहिली असेल, गोळी बसवण्यासाठी किंचित पसरवलेले तोंड पुन्हा आवळले गेले नसेल, गोळी तिरपी बसली असेल, शिसे खरवडून तोंडाशी साचले असेल किंवा कडेला बोच आली असेल. बहुतेक वेळा दोष यांपैकीच एक असतो.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांत एक महत्त्वाचा भेद आहे. ९ मि.मी. पिस्तुलाचे काडतूस तोंडाच्या कडेवर टेकते. कोठीतील बारीक पायरी त्याला थांबवते. त्यामुळे तोंड वाजवीपेक्षा जास्त आवळले, तर टेकायला जागाच उरत नाही. .३२ बोअरचे लांब काडतूस मात्र बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर टेकते. तेथे कडेची जाडी आणि स्वच्छता पाहावी लागते आणि रिव्हॉल्व्हरच्या चक्रातील प्रत्येक घराशी काडतुसाचा मेळ बसावा लागतो.

अनेक नेमबाज पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून नळी काढून घेतात आणि तिच्यातच काडतूस सोडून पाहतात. या पद्धतीचा एक फायदा आहे. मानक गेज सर्वसाधारण कोठीचे माप सांगते; नळी त्या विशिष्ट शस्त्राचे माप सांगते. गोळी नळीतील आट्यांना वेळेआधीच टेकते आहे का, हे साध्या गेजमध्ये बहुधा कळत नाही. ते नळीत कळते. उलटपक्षी, सैल कोठीच्या नळीत बसलेले काडतूस दुसऱ्या पिस्तुलात अडकू शकते. म्हणून दोन्ही परीक्षा एकमेकींना पूरक आहेत.

गेजला न दिसणारे दोष

खरा धोका इथेच आहे. गेज बाहेरचा आकार तपासते, आतील दारू तपासत नाही. पुंगळीत दारू भरायचीच राहिली, तरी काडतूस गेजमध्ये सुरेख बसते. अशा वेळी केवळ प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत मध्येच अडकते आणि मागोमाग दुसरा बार झाला, तर नळी फुटू शकते. दारू दुप्पट पडली, तरीही गेज गप्पच राहते. गोळी पुंगळीत प्रमाणापेक्षा खोल गेली, तर आतील जागा कमी होऊन दाब धोकादायक वाढतो. पण काडतूस आखूड झाल्याने ते गेजमध्ये उलट अधिक सहज बसते. त्यासाठी लांबी व्हर्नियर कॅलिपरने वेगळी मोजावी लागते. वारंवार वापरलेल्या पुंगळीला पडलेली सूक्ष्म चीर आणि बुडापेक्षा वर राहिलेला प्रायमर हे दोष नजरेने व स्पर्शानेच शोधावे लागतात. यांपैकी एक दोष सुटला, तरी किंमत बोटांनी किंवा डोळ्यांनी मोजावी लागू शकते.

कारखान्यांतील परंपरा

महाराष्ट्राला काडतूस निर्मितीची जुनी परंपरा आहे. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मधला, तर भुसावळजवळील वरणगावचा १९६४ मधला. १ ऑक्टोबर २०२१ पासून ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन हे दोन्ही कारखाने ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीकडे आले. कारखान्यातील काडतूस एका मापावर सोडले जात नाही. आकार, वजन आणि दाब यांच्या स्वतंत्र परीक्षा असतात आणि प्रत्येक खेपेतील नमुने प्रत्यक्ष उडवून पाहिले जातात. गेज ही त्या साखळीतील एक कडी आहे. घरातील टेबलावर बसून एकाच कडीवर साऱ्या साखळीचा भार टाकता येत नाही.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रे व दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे तयार करण्याचा परवाना नव्हे. ९ मि.मी. बोअर तर सर्वसामान्य परवानाधारकास निषिद्धच आहे. पोलिस कारवाईत वारंवार सापडणाऱ्या गावठी कट्ट्याला कोणतेही मानक लागू पडत नाही. त्याची कोठी मापात नसते, पोलाद परीक्षेला उतरलेले नसते. अचूक गेजमधून गेलेले काडतूसही त्यात चालवणाऱ्याच्या हातात फुटू शकते.

परवानाधारकाने व क्लबमधील नेमबाजाने एवढे ध्यानात ठेवावे : काडतूस अडले, तर ते नक्कीच बाद. ते बसले, तर एका परीक्षेत उत्तीर्ण झाले, इतकेच. ते कोणी, कशाने आणि किती काळजीने भरले, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने ते पिस्तुलात घालू नये. मग गेज काहीही सांगो.