चाल रचणारीचा गळा

न्यूयॉर्कमधील ब्रॉडवेवरच्या १६५० क्रमांकाच्या इमारतीत, जेथे चिमुकल्या खोल्यांतून एकेक पियानो मांडून तरुण गीतकार कारकुनांप्रमाणे नित्य हजेरी लावीत आणि रचलेले गाणे कोणाच्या गळी उतरवावयाचे याचा फैसला पेढीचे चालक करीत, तेथे कॅरोल किंग या तरुणीने पती जेरी गॉफिन यांच्यासमवेत अल्डन म्युझिक या प्रकाशनसंस्थेसाठी वर्षानुवर्षे गीते सिद्ध केली. शब्द गॉफिन यांचे, चाल तिची. रचणाराने रचावे आणि गाणाराने गावे, ही त्या धंद्याची वहिवाट होती. १९६१ च्या प्रारंभी शिरेल्स या गायिकावृंदाने त्यांचे एक गीत विक्रीच्या यादीत अग्रस्थानी नेले, १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिनने दुसऱ्याला आपला समर्थ कंठ दिला. रचनाकर्तीचे नाव तबकडीवरील बारीक अक्षरांतच राहिले.

विवाहविच्छेदानंतर लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यनमध्ये वास्तव्यास गेलेल्या किंगच्या 'रायटर' या १९७० च्या ध्वनिमुद्रिकेची दखल फारशी कोणी घेतली नाही. मात्र चाल गायकाला कळावी एवढ्यासाठी ती स्वतः गाऊन जी नमुन्याची मुद्रणे पाठवीत असे, त्यांची ख्याती धंद्यातील जाणकारांना होती. तोच साधेपणा, पियानोपाशी बसून समोरच्या एकालाच गाऊन दाखविल्याचा तोच भास, निर्माते लू अ‍ॅडलर यांनी १९७१ च्या जानेवारीत हॉलिवूडमधील ए अँड एम स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेल्या 'टॅपेस्ट्री'त बुद्धिपुरस्सर राखला. किंगला २९ वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १० फेब्रुवारी रोजी, ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली.

समीक्षकांनी या वेळी हात आखडता घेतला नाही. 'रोलिंग स्टोन'मध्ये जॉन लँडाउ यांनी तिच्या अंतरंग आत्मीयतेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. रॉबर्ट ख्रिस्टगाउ यांनी, ज्या तांत्रिक शिष्टाचारातून पुरुष गीतकार-गायक केव्हाच मुक्त झाले होते त्यातून स्त्रीचा आवाजही या तबकडीने सोडविला, असा अभिप्राय दिला. पूर्वीच्या दस्तुराप्रमाणे जो किंचित भेगाळलेला गळा अपात्र ठरला असता, तोच आता गुण म्हणून नोंदला गेला.

श्रोत्यांचा कौल मात्र, माझ्या मते, अधिक सूक्ष्म होता. शिरेल्सचे तेच गीत किंगने येथे संथ लयीत गाइले, आणि पूर्वी जो एका अजाण मुलीचा प्रश्न वाटे तो संसाराचे चटके सोसलेल्या स्त्रीचा झाला. दहा वर्षांपूर्वी ते गाणे ऐकणाऱ्या मुलीही तोवर तितक्याच वयाने वाढल्या होत्या, हे ध्यानी घेतले म्हणजे या तबकडीला घरोघर जागा का मिळाली याचा उलगडा होतो. मुखपृष्ठावरही रंगमंचाचा झगमगाट नाही: खिडकीपाशी अनवाणी बसलेली बाई आणि पुढ्यात तिचे मांजर.

जूनपासून सलग १५ आठवडे 'टॅपेस्ट्री' बिलबोर्डच्या यादीत प्रथम राहिली, आणि त्या यादीतून ती जवळजवळ सहा वर्षे हलली नाही. १९७२ च्या मार्चमध्ये चार ग्रॅमी पुरस्कार तिच्या पदरी पडले. किंग स्वतः समारंभाला न जाता तान्ह्या मुलीपाशी घरी थांबली होती. १९७१ च्या डिसेंबरात आलेली 'म्युझिक' ही पुढची ध्वनिमुद्रिकाही अग्रस्थानी पोहोचली, परंतु तेव्हापासून समीक्षक तिची प्रत्येक नवी कृती 'टॅपेस्ट्री'च्या मापाने मोजू लागले, आणि त्या मापात बसेल अशी दुसरी तबकडी तिच्याच्याने झाली नाही.