‘उज्जग्घिका’ : खदाखदा हसण्यासाठी पाली शब्द

‘उज्जग्घिका’ या पाली शब्दाचा अर्थ मोठ्याने, खदाखदा हसणे. ‘जग्घति’ म्हणजे हसतो, टिंगल करतो. त्याला ‘उद्’ (वर, उंच) हा उपसर्ग लागून ‘उज्जग्घति’ झाले आणि त्यावरून हे नाम आले. मराठीत चटकन ‘अट्टहास’ सुचतो. त्याचा मूळ संस्कृत अर्थ मोठे हसू हाच आहे, पण आपण आता तो हट्ट या अर्थाने वापरतो. त्यामुळे ‘खदाखदा हसणे’च बरे.

हा शब्द येतो विनयपिटकात. पातिमोक्खातील 75 सेखिय नियमांपैकी 11वा आणि 12वा नियम सांगतो की, भिक्खूने वस्तीत घरांमधून जाताना आणि तिथे बसलेला असताना मोठ्याने हसू नये. सावत्थीत छब्बग्गिय म्हणजे सहा जणांच्या गटातले भिक्खू असे हसत वस्तीत जात, म्हणून हा नियम झाला असे सुत्तविभंग सांगतो. नियम मोडल्यास दोष ‘दुक्कट’, म्हणजे अगदी हलका. नकळत, विसरून किंवा आजारपणात घडले तर तोही नाही. हसण्यासारखी गोष्ट घडली आणि भिक्खूने नुसते स्मित केले, तरी दोष नाही. ही सवलत मला फार माणुसकीची वाटते.

भरताच्या नाट्यशास्त्रातही हसण्याचे सहा प्रकार आहेत. पण तिथे स्मित व हसित उत्तम प्रकृतीच्या पात्रांना, विहसित व उपहसित मध्यमांना आणि अपहसित व अतिहसित अधमांना वाटून दिले आहे. म्हणजे मोठे हसू खालच्यांचे! विनयात अशी वाटणी नाही. न्हावी कुळातून आलेले उपाली आणि शाक्य कुळातले भिक्खू यांना एकच नियम. भिक्खुनी पातिमोक्खातही तोच.

वस्तीत काम करताना अनेकदा ऐकते, विहारात मुली खळखळून हसल्या की कुणीतरी म्हणतो, “धम्मात असं हसणं बसत नाही.” मुलांना मात्र कुणी टोकत नाही. वंदना किंवा ध्यान चालू असताना शांतता हवीच, ती सर्वांनीच पाळायची. पण सेखिय नियम चीवर घेतलेल्यांसाठी आहेत. उपासक-उपासिका पंचशील घेतात आणि त्यात हसण्याविषयी एकही शील नाही.