कारंजाची पोथी, अमरावतीचा अध्यापक
डॉ. हीरालाल जैन यांचे जीवनकार्य

मंदिरे बांधणाऱ्यांची नावे शिलालेखावर कोरली जातात. ग्रंथांचा जीर्णोद्धार करणाऱ्यांची नावे मात्र बहुधा प्रस्तावनेच्या शेवटच्या ओळीतच राहून जातात. वऱ्हाडच्या भूमीत असा एक अध्यापक होऊन गेला, ज्याने दिवसा महाविद्यालयात संस्कृत शिकविले आणि उरलेला वेळ जिनवाणीच्या सेवेस वाहिला. प्राकृत आणि अपभ्रंश या भाषांचे गाढे पंडित, षट्खंडागमाचे संपादक डॉ. हीरालाल जैन हे ते अध्यापक होत.

डॉ. हीरालालजींचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत नरसिंहपूर जिल्ह्यातील एका खेड्यात झाला. जबलपूर व अलाहाबाद येथे त्यांचे उच्च शिक्षण झाले. संस्कृत विषयात एम. ए. आणि त्याबरोबरच कायद्याची पदवी त्यांनी मिळविली. वकिली करून संपन्न होण्याचा मार्ग मोकळा होता. परंतु अलाहाबादेस असतानाच त्यांचे मन जैन साहित्याच्या संशोधनाकडे वळले होते. १९२५ मध्ये ते अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक म्हणून रुजू झाले आणि जवळजवळ दोन दशके वऱ्हाड हीच त्यांची कर्मभूमी झाली.

कारंजाचे भांडार

अमरावतीची नियुक्ती त्यांच्या दृष्टीने भाग्याची ठरली, कारण तेथून कारंजा (लाड) दूर नव्हते. यवतमाळहून दारव्हामार्गे मूर्तिजापूरला जाणाऱ्या, पुढे 'शकुंतला' या नावाने ओळखल्या गेलेल्या छोट्या रेल्वेवरील हे गाव यवतमाळकरांना परके नाही. त्या काळी अकोला जिल्ह्यात असलेले आणि १९९८ पासून वाशिम जिल्ह्यात गेलेले कारंजा म्हणजे बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ या तीनही परंपरांच्या मंदिरांचे नगर. भट्टारकांनी व श्रावकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या हस्तलिखित पोथ्या या मंदिरांत होत्या. १९१८ मध्ये येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन झाला आणि कारंजास विद्याकेंद्राचे स्वरूप आले.

कटनीचे रायबहादूर हीरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची तयार केली. ती १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली. नामसाम्यामुळे या दोघांविषयी अनेकदा गल्लत होते, म्हणून हे सांगणे अवश्य आहे. या सूचीमुळे कारंजाच्या अपभ्रंश ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले. त्या वेळेपर्यंत अपभ्रंश साहित्य फारच थोडे छापले गेले होते. मराठी, गुजराती, हिंदी या भाषांच्या घडणीचा मागोवा घेणाऱ्यांस मधला दुवा हाती लागत नव्हता. तो दुवा कारंजाच्या कपाटांत, बस्त्यांत बांधलेला पडून होता.

कारंजाच्या चवरे घराण्याच्या औदार्यातून अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला सुरू झाली. या मालेत १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' निघाले. पाठोपाठ हीरालालजींनी 'सावयधम्मदोहा', 'पाहुडदोहा', 'णायकुमारचरिउ' आणि १९३४ मध्ये मुनी कनकामरांचे 'करकंडचरिउ' प्रकाशात आणले. 'करकंडचरिउ'मध्ये तेरापूरच्या गुंफांचे वर्णन येते. त्या गुंफा म्हणजेच मराठवाड्यातील धाराशिवची जैन लेणी होत, हे हीरालालजींनी साधार मांडले. वऱ्हाडातील एका पोथीने मराठवाड्यातील लेण्यांवर असा प्रकाश टाकला.

षट्खंडागमाचे संपादन

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य मात्र याहूनही कठीण होते. गिरनारच्या चंद्रगुफेत आचार्य धरसेनांनी आपले श्रुतज्ञान पुष्पदंत व भूतबली या मुनिद्वयास दिले. त्यांनी ते सूत्रबद्ध केले, तोच षट्खंडागम. त्यावर नवव्या शतकाच्या आरंभी वीरसेनाचार्यांनी सुमारे ७२,००० श्लोकप्रमाण 'धवला' टीका लिहिली. शतकानुशतके हा ग्रंथ दक्षिणेत मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत, जुन्या कानडी लिपीतील ताडपत्रांवर होता. भाविक त्याचे दर्शन घेत, पूजा करीत. वाचणारे कोणी नव्हते.

मुंबईचे शेठ माणिकचंद व सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या तळमळीतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रतिलिपीचे काम सुरू झाले. पुढे गजपती उपाध्याय यांच्याकडून एक प्रत बाहेर पडली, ती सहारनपूरला पोहोचली आणि तेथून तिच्या नकला निरनिराळ्या ठिकाणी गेल्या. नकलेची नकल होताना चुका वाढणे अपरिहार्य होते. अमरावती, आरा व कारंजा येथील अशाच प्रतींच्या आधारे हीरालालजींनी संपादन आरंभिले.

भेलसा, म्हणजे आजच्या विदिशा येथील श्रीमंत शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांच्या दानातून अमरावतीत जैन साहित्योद्धारक फंड उभा राहिला. पं. फूलचंद्र, पं. हीरालाल व पं. बालचंद्र या शास्त्रींचे साहाय्य लाभले, कारंजाचे पं. देवकीनंदन आणि कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी संशोधनात साथ दिली. १९३९ मध्ये पहिला खंड अमरावतीच्या सरस्वती प्रेसमध्ये छापून निघाला.

विरोध झाला नाही असे नाही. सिद्धांतग्रंथ गृहस्थाने वाचू नयेत, मग छापणे तर दूरच, अशी समजूत समाजात दृढ होती. त्यात आणखी एका शब्दाचा वाद उपस्थित झाला. पहिल्या खंडातील ९३ व्या सूत्रात, स्त्रियांच्या गुणस्थानांच्या संदर्भात, उपलब्ध प्रतींत 'संजद' हा शब्द नव्हता. मागचापुढचा संबंध पाहता तो तेथे असला पाहिजे, असे संपादकांनी टीपेत नोंदविले. स्त्रीमुक्तीच्या सांप्रदायिक मतभेदाशी याचा संबंध असल्याने मोठे वादळ उठले. हीरालालजींनी मूळ पाठात आपल्या मनाने शब्द घातला नव्हता आणि दडपणाखाली टीपही काढून टाकली नाही. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी मिळवणी झाली, तेव्हा तेथे 'संजद' शब्द आढळला. शब्दाच्या अर्थाविषयी मतभेद राहिले. पाठाविषयीचा निर्णय मात्र ताडपत्रांनीच दिला.

मूडबिद्रीकरांचा हा सहकार हेही या कार्याचे मोठे फळ होय. खंड पाहून तेथील भट्टारकजी व पंचांचा विश्वास बसला आणि ज्या ताडपत्रांचे दर्शनही दुर्लभ होते, त्यांच्याशी पाठ ताडून पाहता आले. चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरील लेख आला, आणि हा ग्रंथ भारतीय गणिताच्या इतिहासकारांनाही मोलाचा वाटू लागला. महायुद्धाचा काळ, कागदाची टंचाई, १९४४ मध्ये नागपूरला झालेली बदली, या सर्वांतून काम चालूच राहिले. १९५८ मध्ये सोळावा खंड निघाला. एकोणीस वर्षांचे हे व्रत पूर्ण झाले.

निवृत्तीनंतर

नागपूरची शासकीय सेवा संपल्यावर विश्रांती घेण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. परंतु १९५५ मध्ये बिहारमध्ये प्राकृत व जैन विद्येच्या संशोधन संस्थेची उभारणी करण्यासाठी ते मुजफ्फरपूरला गेले. पुढे हीच संस्था वैशालीला, भगवान महावीरांच्या जन्मभूमीत स्थिरावली. १९६१ पासून ते जबलपूर विद्यापीठात अध्यापन करू लागले. भोपाळ येथे दिलेल्या व्याख्यानांचा 'भारतीय संस्कृति में जैन धर्म का योगदान' हा ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला व सामान्य वाचकांनाही जैन इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान व कला यांचे दालन खुले झाले. डॉ. उपाध्ये यांच्यासह भारतीय ज्ञानपीठाच्या मूर्तिदेवी ग्रंथमालेचे व सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे संपादनही त्यांनी दीर्घकाळ सांभाळले.

विद्येचा हा वारसा घरातही उतरला. त्यांचे चिरंजीव प्रफुल्लकुमार मोदी यांनी अध्यापनाचाच मार्ग धरला आणि पद्मकीर्तींचे 'पासणाहचरिउ' हे अपभ्रंश काव्य संपादित केले. ते १९६५ मध्ये प्रकाशित झाले. पित्याने उघडलेले कपाट पुत्राने पुन्हा बंद होऊ दिले नाही. गृहस्थाश्रमाची याहून मोठी कृतार्थता ती कोणती?

१९७३ मध्ये डॉ. हीरालालजींनी देह ठेवला. त्यांनी मुनिदीक्षा घेतली नाही, संपत्ती मिळविली नाही. नोकरी केली, संसार केला आणि स्वाध्यायालाच तप मानले. श्रुतपंचमीस मंदिरामंदिरांतून शास्त्रे बाहेर काढून त्यांची पूजा होते. त्या दिवशी वेष्टन सोडल्यावर ग्रंथाची चार पाने उघडून वाचली गेली, तर वऱ्हाडच्या या अध्यापकास तीच खरी आदरांजली ठरेल.